पलंगालगतचा पाळणा आणि करंगळीएवढी फट

सिझेरियनच्या टाक्यांवर हात धरून रात्री अडीच वाजता पलंगावरून उतरायचे, खोल पाळण्यात वाकून बाळ उचलायचे, पाजायचे आणि पुन्हा तेवढेच वाकून त्याला निजवायचे, हे दर दोन-तीन तासांनी करावे लागणाऱ्या बाळंतिणीला पलंगाला खेटून राहणारा, एका बाजूचा कठडा खाली घेता येणारा छोटा पाळणा म्हणजे मोठाच दिलासा असतो. दुकानांत त्याला ‘बेडसाइड स्लीपर’ किंवा ‘को-स्लीपर’ म्हणतात. जाहिरातींतील छायाचित्रांत तो आईच्या अंथरुणाचाच वाढीव भाग असल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात ते बाळाचे स्वतंत्र अंथरूण असते, आणि त्याची सुरक्षितता मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: आतला पृष्ठभाग किती सपाट व घट्ट आहे, आणि पलंगाशी त्याचा सांधा किती पक्का बसला आहे.

सपाटपणाचा एवढा आग्रह का, हे नवजात बाळाच्या शरीररचनेवरून कळते. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते, डोक्याचा मागचा भाग फुगीर असतो आणि मान सावरणारे स्नायू अजून तयार झालेले नसतात. पृष्ठभाग कलता किंवा खोलगट असला की हनुवटी छातीवर टेकते आणि मुळातच अरुंद व मऊ असलेली श्वासनलिका वाकून दबते. मोठ्या माणसाला असे अवघडल्यावर जाग येते. दोन महिन्यांच्या बाळाला मान उचलता येईलच असे नाही. अमेरिकेत अशा कलत्या पाळण्यांत अर्भके दगावल्यावर 2019 साली सुमारे 47 लाख नग बाजारातून परत घेतले गेले. त्याच वर्षी अर्कान्सा विद्यापीठातील एरिन मॅनन यांच्या चमूने तेथील ग्राहक सुरक्षा आयोगासाठी कलत्या पृष्ठभागांवर बाळांच्या हालचाली व स्नायूंचे काम मोजले. अशा उतारावर बाळ अधिक सहज पालथे होऊ शकते आणि पालथे झाल्यावर तोंड मोकळे ठेवण्यासाठी त्याच्या स्नायूंना जास्त श्रम पडून ते लवकर थकते, असे त्यातून दिसले. 2022 च्या जूनपासून अमेरिकेत अर्भकांच्या निद्रा-साधनांचा उतार 10 अंशांहून अधिक ठेवण्यास मनाई आहे.

म्हणूनच काही पाळण्यांना एका बाजूचे पाय उंच करून बाळाचे डोके वर ठेवण्याची जी सोय असते आणि विक्रेता ‘दूध उलटणाऱ्या बाळासाठी उत्तम’ म्हणून जी आवर्जून दाखवतो, ती सोय न वापरलेलीच बरी. उताणे निजवले तर उलटलेले दूध घशात अडकेल, ही भीती आपल्या घरांत फार जुनी आहे आणि आजीच्या तोंडून ती ऐकली की खरीही वाटते. परंतु बाळ उताणे असताना अन्ननलिका खाली आणि श्वासनलिका तिच्या वर असते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचे तर गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध चढावे लागते. पालथ्या बाळाच्या बाबतीत हाच क्रम उलटतो. कुशीवर निजवलेले बाळ तर केव्हा पालथे होईल याचा नेमच नसतो. नेदरलँड्समध्ये 1987 साली, ब्रिटनमध्ये 1991 साली आणि अमेरिकेत 1994 साली ‘बाळाला उताणेच निजवा’ असा प्रचार सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतील आकस्मिक अर्भकमृत्यू अमेरिकेत निम्म्याहून कमी झाले. एवढा साधा आणि एवढा परिणामकारक उपाय बालवैद्यकात क्वचितच सापडतो.

गादी घट्ट हवी याचे कारण थोडे वेगळे आहे. मऊ गादीत बाळाच्या डोक्याच्या वजनाने खळगा पडतो. त्या खळग्यात तोंड वळले की उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड नाकापाशीच साचतो आणि बाळ तीच हवा पुन्हा आत घेऊ लागते. बहुतेक बाळे अशा वेळी चुळबुळतात, मान वळवतात, रडतात. काही बाळांच्या मेंदूच्या देठातील ही जागे करणारी यंत्रणा पुरेशी पक्व नसते आणि असे बाळ कोणते, हे बाहेरून ओळखता येत नाही. धोक्याचा काळ मुख्यतः पहिल्या ते चौथ्या महिन्याचा आणि सुमारे 90 टक्के मृत्यू सहा महिन्यांच्या आतले. म्हणजे नेमका हा पाळणा वापरण्याचा काळ. पाळण्यासोबत येणारी गादी हाताला कडक लागते म्हणून वर कापसाची दुसरी गादी किंवा घडी घातलेली गोधडी अंथरण्याचा मोह होतो. गोधडी कितीही मायेने शिवलेली असो, ती तिथे नको. मोहरीची उशी, लोड, खेळणी आणि कठड्याला बांधायच्या कापडी गाद्याही नकोत. आत बाळ आणि गादीवर ताणून बसवलेली चादर, एवढेच असावे.

आता सांध्याकडे वळू. अमेरिकेतील मानकानुसार पाळणा पलंगाला बांधल्यानंतर, तो बाहेर ओढून पाहिला तरी दोहोंमधील फट 13 मिलिमीटरपेक्षा मोठी होता कामा नये. ही जाडी साधारण करंगळीएवढी. तेवढ्या फटीत बाळाचे डोके अडकत नाही. मात्र पट्टा सैल होऊन हीच फट चार बोटांची झाली की बाळाचे अंग तिच्यात सरकते, डोके वरच अडकते आणि श्वास कोंडतो. त्याच मानकात पलंगाकडच्या बाजूलाही बाळाच्या गादीपासून किमान 4 इंच उंचीचा कठडा असणे सक्तीचे आहे. युरोपच्या 2019 च्या मानकात ही उंची 120 मिलिमीटर आहे. म्हणजे बाळाची गादी आईच्या गादीपेक्षा चांगली वितभर नाही तरी चार बोटे खाली असते. ही पायरी गैरसोयीची वाटते खरी. पण आईचे पांघरूण बाळाकडे घसरू नये आणि बाळ पलंगाकडे लोळू नये यासाठी तीच उपयोगी पडते. ‘अगदी समतल’ म्हणून कठड्याविना विकला जाणारा पाळणा घेऊ नये.

इथे आपल्याकडच्या पलंगांचा प्रश्न येतो. यांतले बरेच पाळणे युरोप-अमेरिकेतील स्प्रिंगच्या जाड गाद्या आणि पायांचे पलंग गृहीत धरून घडवलेले असतात. त्यांचा पट्टा गादीखालून जाऊन पलंगाच्या पलीकडच्या कडेला अडकतो. आपल्या घरी सामान ठेवायचा बॉक्स असलेला पलंग असतो, त्याची लाकडी कड गादीच्या बाहेर दोन-तीन इंच येते, त्यामुळे पाळणा कडेला टेकतो पण गादीला टेकत नाही आणि मध्ये एक पन्हळ तयार होते. त्या पन्हळीत दुपटे किंवा उशी कोंबून ती बुजवणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण कोंबलेले कापड रात्रीत दबते किंवा वर येऊन बाळाच्या तोंडाशी पोहोचते. कापसाची गादी असेल तर आणखी एक अडचण: आई कडेला बसली की ती दबते आणि सकाळी जुळवलेली उंची रात्री जुळत नाही. दुकानात जाण्यापूर्वी पलंगाची जमिनीपासून गादीच्या वरपर्यंतची उंची, कोणाला तरी कडेला बसवून, टेपने मोजून घ्यावी. पाळण्याची उंची त्याला जुळत नसेल किंवा गादी जमिनीवरच घालण्याची पद्धत असेल, तर तो न जोडता चारही कठडे वर करून आईच्या हाताशी ठेवावा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या 2022 च्या शिफारशींतही किमान सहा महिने एकाच खोलीत पण वेगळ्या पृष्ठभागावर झोप सांगितली आहे, जोडणीचा आग्रह नाही.

मग जोडण्याचा फायदा काय? इंग्लंडमध्ये हेलन बॉल आणि सहकाऱ्यांनी न्यूकॅसलच्या रुग्णालयात 64 आई-बाळांच्या जोड्यांचे रात्रभर चित्रीकरण करून 2006 साली निष्कर्ष मांडले. वेगळ्या खाटेतील बाळांपेक्षा, पलंगाला जोडलेल्या खाटेतील बाळे रात्री अधिक वेळा अंगावर पिण्याचा प्रयत्न करीत होती आणि प्रत्यक्ष आईच्या पलंगावर झोपलेल्या बाळांच्या तुलनेत ती धोक्याच्या स्थितीत कमी वेळा आढळली. पुढे बाराशेहून अधिक स्त्रियांवर केलेल्या चाचणीत मात्र, प्रसूतिकक्षात अशी खाट मिळाल्याने स्तनपान अधिक महिने टिकले असे दिसले नाही. पाळणा रात्रीचे काम सोपे करतो. त्याहून मोठी आश्वासने त्याच्या गळ्यात घालू नयेत.

रोजच्या वापरातली एक सवय मात्र लावून घ्यावी. रात्री दिवा मालवण्यापूर्वी पाळणा एका हाताने बाहेर ओढून पाहावा, फटीत करंगळी घालून पाहावी आणि चाकांचे खटके दाबलेले आहेत का ते बघावे. पाजून झाले की बाळ पुन्हा पाळण्यात उताणे ठेवावे. पाजता पाजता डोळा लागेल अशी शंका असेल तर सोफा किंवा आरामखुर्ची टाळावी, कारण बाळासह तिथे झोप लागणे हे पलंगावर झोप लागण्यापेक्षाही घातक ठरते. टोपडे व कुंची घरात झोपताना काढावी आणि गळ्यातला काळा दोरा तर अवश्य काढावा. अंग फार तापले का, हे मानेमागे हात लावून कळते; हातपाय गार असणे हे थंडी वाजत असल्याचे लक्षण धरू नये. मच्छरदाणी पलंग व पाळणा या दोहोंवर मिळून, ताठ आणि बाळाच्या चेहऱ्यापासून दूर असावी. ती दोहोंच्या मध्ये खोचली तर जमवलेला सांधा पुन्हा उघडतो. जन्मतः वजन कमी असलेल्या किंवा मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळासाठी टोपडे, ऊब आणि झोपण्याची जागा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

खोक्यावर छापलेल्या वजनाच्या मर्यादेपेक्षा बाळाच्या हालचालींकडे अधिक लक्ष द्यावे. कूस वळण्याची पहिली चिन्हे दिसताच दुपट्यात बांधून निजवणे थांबवावे. साधारण पाचव्या महिन्याच्या सुमारास, एखाद्याचे त्याआधीही, बाळ हात आणि गुडघे टेकून अंग उचलू पाहते. त्या दिवसापासून चार इंचांचा तो कठडा त्याला अडवत नाही, तर पलीकडे जायला पायरी पुरवतो, आणि बाळाची रवानगी उंच कठड्यांच्या खाटेत करावी लागते.