ब्लूजमधलं ‘दुर्लक्षित’ कोणी ठरवलं?

ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. ते ऐकणाऱ्यांना एक खोड असते. मिसिसिपीचा गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन सगळ्यांनाच ठाऊक, म्हणून समोरच्याला त्याच्या पलीकडचं एखादं नाव सुचवायचं: गीची विली, स्किप जेम्स, रॉबर्ट पीट विल्यम्स. सुचवताना वाटतं, ही आपल्या कानाची निवड. खरं तर त्यातली बरीच निवड आपल्या आधीच होऊन गेलेली आहे, आणि ती करणाऱ्यांत एक खुर्च्यांचा कारखानाही आहे.

१० ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये मेमी स्मिथने ओके कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ गायलं. त्याचा खप पाहून कंपन्यांच्या लक्षात आलं की कृष्णवर्णीय गिऱ्हाईक स्वतःच्या पैशाने रेकॉर्ड विकत घेतं. मग ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाखाली वेगळ्या मालिका निघाल्या. पहिली काही वर्षं हा बाजार बायकांचा होता. मा रेनी, बेसी स्मिथ, सोबत पियानो किंवा छोटा बँड. गिटार घेऊन एकटा बसलेला खेडूत गायक नंतर आला. ही गोष्ट पुढे सोयीस्करपणे विसरली गेली.

विस्कॉन्सिन चेअर कंपनी खुर्च्यांबरोबर फोनोग्राफची लाकडी कपाटंही बनवायची. कपाटं खपायची तर रेकॉर्ड हव्यात, एवढ्या हिशेबाने तिने पॅरामाउंट हे लेबल काढलं. माल हलका, मुद्रण स्वस्तातलं, नवी रेकॉर्डही खरखरायची. पण याच लेबलने चार्ली पॅटनला १९२९ मध्ये ध्वनिमुद्रित केलं, १९३० मध्ये गीची विली आणि एल्व्ही थॉमस यांना विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टन गावच्या स्टुडिओत बोलावलं, आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये स्किप जेम्सला. त्याला तिकडे पाठवणारा एच. सी. स्पीअर हा मिसिसिपीतल्या जॅक्सनचा दुकानदार. डेल्टाच्या, म्हणजे मिसिसिपीच्या वायव्येकडच्या सखल कापूसपट्ट्यातल्या, किती गायकांचं नशीब त्या एका दुकानात ठरलं, याचा विचार केला की गंमतही वाटते आणि थोडी धास्तीही.

वेळ मात्र वाईट होती. १९२७ मध्ये अमेरिकेत दहा कोटींच्या आसपास रेकॉर्ड खपत होत्या. महामंदीत, १९३२ पर्यंत तो आकडा साठेक लाखांवर आला. स्किप जेम्सच्या अठरा बाजू (एका बाजूला एक गाणं) निघाल्या आणि जवळजवळ कुणीच त्या घेतल्या नाहीत. १९३२ नंतर पॅरामाउंटचं ध्वनिमुद्रण थांबलं, १९३५ मध्ये कारभार गुंडाळला गेला, धातूचे साचे भंगारात गेले. कामगारांनी उरलेल्या रेकॉर्ड मिलवॉकी नदीत भिरकावल्या, ही दंतकथा तर इतकी पसरली की पुढे गोताखोरांनी नदीचा तळ चाचपला. हाती काही लागलं नाही.

यात भारताचाही एक धागा आहे. त्या काळच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डला धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे लाख, आणि ती मुख्यतः छोटा नागपूरच्या जंगलांतून, मिर्झापूरच्या कारखान्यांतून जगभर जायची. महायुद्धात तो पुरवठा अडला. १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने रेकॉर्डसाठीचा लाखेचा वापर सत्तर टक्क्यांनी घटवला, आणि नव्या रेकॉर्डसाठी जुन्या गोळा करून दळल्या जाऊ लागल्या. आधीच थोड्या निघालेल्या ब्लूजच्या रेकॉर्डना हा दुसरा फटका. गीची विलीच्या अवघ्या सहा बाजू आहेत, आणि ‘लास्ट काइंड वर्ड्स ब्लूज’च्या मूळ प्रती बोटांवर मोजण्याइतक्या.

आता येतात संग्राहक. जेम्स मॅक्यून ब्रुकलिनच्या वायएमसीए वसतिगृहात एका खोलीत राहायचा. रेकॉर्डची खोकी पलंगाखाली. १९४४ मध्ये त्याला चार्ली पॅटनची एक झिजलेली रेकॉर्ड मिळाली आणि त्याने ठरवून टाकलं की खरा ब्लूज तो हाच. १९५९ मध्ये सॅम्युअल चार्टर्सने ग्रामीण ब्लूजवर पहिलं महत्त्वाचं पुस्तक लिहिलं, त्यात त्या काळी खपलेल्या गायकांना मोठी जागा दिली. मॅक्यूनचा आक्षेप त्यालाच होता: कोण खपलं हे नको, कोण थोर ते सांगा. त्याच्या मंडळींनी १९६० मध्ये ओरिजिन जॅझ लायब्ररी हे चिमुकलं लेबल काढून पहिली एलपी (अनेक गाण्यांची मोठी तबकडी) पॅटनचीच काढली. पुढच्याच वर्षी कोलंबियाने रॉबर्ट जॉन्सनची ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’ आणली. आज आपण ज्याला ब्लूजची परंपरा म्हणतो तिचा नकाशा या दोन-तीन वर्षांतला आहे.

माझं मत विचाराल तर मॅक्यूनचा कान असामान्य होता, पण त्याची फूटपट्टी वाकडी. दुर्मीळ ते थोर आणि खपलं ते हलकं, या न्यायाने लेरॉय कार मागे पडला. इंडियानापोलिसचा हा पियानोवादक १९२८ च्या ‘हाऊ लाँग, हाऊ लाँग ब्लूज’पासून घराघरांत ऐकला जात होता, खुद्द जॉन्सनच्या गाण्यांत त्याची चाल ऐकू येते. १९३५ मध्ये, तिशीतच तो गेला. त्याचा गिटारवादक स्क्रॅपर ब्लॅकवेल पुढे जवळजवळ विस्मृतीत गेला आणि १९६१ मध्ये ‘मिस्टर स्क्रॅपर्स ब्लूज’ ध्वनिमुद्रित करून गेला. पुढच्याच वर्षी त्याचा गोळी घालून खून झाला. एकच एलपी सुचवायची वेळ आली तर मी ही सुचवेन. शहरी, नेटकी, एकेक सूर तोडून वाजवलेली गिटार. डेल्टाचा राकटपणा शोधणाऱ्यांना ती ‘पुरेशी अस्सल’ वाटली नाही, हे तिचं दुर्दैव.

१९६३-६४ मध्ये हेच रेकॉर्डवेडे गाड्या काढून दक्षिणेत निघाले. मिसिसिपी जॉन हर्ट सापडला तो त्याने १९२८ मध्ये गाण्यात घेतलेल्या अ‍ॅव्हलॉन या गावाच्या नावावरून. जून १९६४ मध्ये ट्युनिकाच्या इस्पितळात स्किप जेम्स सापडला. त्याचं ‘आय एम सो ग्लॅड’ क्रीम या ब्रिटिश बँडने नव्याने गायलं, आणि त्या रॉयल्टीने त्याच्या आजारपणात थोडा हातभार लागला. हयात गायकांकडे माईक घेऊन जाण्याचं काम मात्र त्याआधीच सुरू झालं होतं. लोकगीतांचा अभ्यासक हॅरी ऑस्टरने लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात जन्मठेपेच्या कैद्याला, रॉबर्ट पीट विल्यम्सला, ऐकलं. पॅरोलवर सुटल्यानंतर त्याने केलेल्या ‘फ्री अगेन’मध्ये गाणी बारा बारच्या (तालाच्या बारा मापांच्या) ठरीव चौकटीत बसतच नाहीत, बोलता बोलता गाणं सुरू होतं. क्रिस स्ट्राखविट्झने १९६० मध्ये टेक्सासच्या नॅव्हासोटात पासष्टीच्या मॅन्स लिप्सकॉम्बला त्याच्या घरीच ध्वनिमुद्रित केलं आणि आरहूली लेबलची पहिली एलपी काढली. प्रती अडीचशे.

मुंबईकरांना ब्लूज प्रत्यक्ष भेटला तो बहुतांशी शिकागोचा. २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत भरू लागलेल्या महोत्सवात पहिल्याच वर्षी शिकागोचा गिटारवादक बडी गाय वाजवून गेला. ज्युनियर वेल्सच्या ‘हूडू मॅन ब्लूज’ (१९६५) वर गिटार त्याचीच, पण चेस या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीशी करार असल्याने मूळ वेष्टनावर नाव होतं ‘फ्रेंडली चॅप’. ते काढणाऱ्या डेलमार्क लेबलचीच मॅजिक सॅमची ‘वेस्ट साइड सोल’ त्यानंतर ऐकावी. सॅम १९६९ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेला, नाहीतर मेहबूबच्या मंचावर तोही दिसला असता.

बायकांचं काय झालं, हे जेसी मे हेम्फिलवरून कळतं. उत्तर मिसिसिपीची ही गिटारवादक पायाने डफली वाजवत एकटीच लय उभी करायची. आजोबा सिड हेम्फिलना लोकगीतांचा संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्सने १९४२ मध्येच ध्वनिमुद्रित केलं होतं. तिची ‘शी-वुल्फ’ १९८१ मध्ये आली, तीही फ्रान्सच्या व्होग लेबलवर. १९९३ मध्ये पक्षाघाताने तिची गिटार थांबली.

आणि बेंटोनिया. स्किप जेम्सचं हे गाव. त्याचं अंगावर काटा आणणारं मायनर ट्यूनिंग (गिटारच्या तारा उदास स्वरांत लावण्याची पद्धत) त्याच्या एकट्याचं नव्हतं. ते हेन्री स्टकीकडून आलेलं, आणि स्टकीचं एकही ध्वनिमुद्रण नाही. १९६६ मध्ये ब्लूजचा अभ्यासक डेव्हिड एव्हान्स तिथे गेला तेव्हा जॅक ओवेन्स नावाचा शेतकरी त्याच वळणाने वाजवताना भेटला. बड स्पायर्सच्या माउथ ऑर्गनसोबतची त्यांची ‘इट मस्ट हॅव बीन द डेव्हिल’ १९७१ मध्ये निघाली. गावातल्या ब्लू फ्रंट कॅफेचा मालक जिमी ‘डक’ होम्स आजही तेच वाजवतो. त्याच्या २०१९ च्या ‘सायप्रस ग्रोव्ह’ला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. स्किप जेम्स अजून ऐकला नसेल तर मुद्दाम उलट क्रमाने जावं. आधी ओवेन्स, मग होम्स, आणि १९३१ च्या त्या खरखरीत अठरा बाजू शेवटी.