न्यायालयीन पदे आणि चारित्र्य पडताळणी : पार्श्वभूमी

न्यायदानाच्या कामावर नेमायचा माणूस आधी पारखून घ्यावा, ही अपेक्षा आपल्याकडे फार जुनी असली तरी पारखण्याची रीत मात्र पार बदललेली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अमात्यांची परीक्षा धर्म, अर्थ, काम व भय या चार उपधांनी, म्हणजे गुप्तपणे घेतलेल्या कसोट्यांनी, घ्यावी असे सांगितले आहे. धर्मोपधेत राजाने वरकरणी पदच्युत केलेला पुरोहित एकेका अमात्याला गुप्तपणे गाठून, हा राजा अधार्मिक असल्याने दुसरा बसवू, असे सुचवतो. जो याला नकार देईल, त्यालाच धर्मस्थीय व कंटकशोधन, म्हणजे ढोबळमानाने दिवाणी व फौजदारी न्यायाची कामे सोपवावीत. ही परीक्षा आजच्या मोहाची होती, कालच्या गुन्ह्याची नव्हे.

गुन्ह्याची नोंद हाच चारित्र्याचा पुरावा होण्याची पायाभरणी इंग्रजी अमदानीत झाली. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय उघडले आणि शिक्षा झालेला माणूस नाव बदलून निसटण्याची वाट अरुंद झाली. पुढे सरकारी नोकरीसाठी साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःवरील गुन्ह्यांसह आपली माहिती देण्याचा अर्ज, भरणे व पोलिसांचा अहवाल मागवणे हा नेमणुकीचा शिरस्ताच बनला.

खरा पेच नोंद असण्यापेक्षा ती लपवण्यावरून आणि तिला किती वजन द्यावे यावरून निर्माण झाला. नोकरीसाठी अशी माहिती लपवण्याविषयीच्या अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की माहिती खरीच द्यावी लागेल, पण नमुन्यातील प्रश्नही नेमका हवा. तरुणपणी घोषणा दिल्यासारखा किरकोळ गुन्हा नियोक्त्याला दुर्लक्षिता येईल.

महाराष्ट्रातील कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदाच्या एका प्रकरणात हा पेच अधिक टोकदार दिसतो, कारण इथे न्यायालयाने दिलेली सुटकाच न्यायालयात शिरण्याच्या आड आली. अपहरणाच्या खटल्यातील मुख्य आरोपीच्या रिक्षामागून दुसऱ्या रिक्षात गेल्याचा आरोप असलेला हा उमेदवार २००४ मध्ये निर्दोष सुटला होता आणि त्याने ही बाब लपवलीही नव्हती. तरी २००९ मध्ये झालेली त्याची निवड पुढच्याच वर्षी चारित्र्य पडताळणीनंतर रद्द झाली, आणि त्याच्या उमेदवारीचा फेरविचार करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाकडून यायला २०१८ साल उजाडले.