डबा श्वास घेतो

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या दक्षिण किनाऱ्याला समांतर पाद्रे आयलंड नावाचं लांबलचक बेट आहे. बेट आणि जमीन यांच्यामध्ये लगुना माद्रे ही उथळ खाडी. पाणी बऱ्याच ठिकाणी जेमतेम कमरेइतकं. नद्यांचं गोडं पाणी इथे फार कमी येतं आणि ऊन मात्र भाजून काढतं, त्यामुळे ही खाडी समुद्राहूनही खारट असते. जगात अशा खाड्या मोजक्याच आहेत. रेडफिश आणि ट्राउट या माशांसाठी इथे कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद हलकी होडी, घेऊन उतरणारी माणसं पुष्कळ, आणि हल्ली त्यांच्या कयाकवर फिश फाइंडर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं टिपून पडद्यावर दाखवणारं यंत्र, असतोच. एवढ्या उथळ पाण्यात तो माशापेक्षा तळावरचं गवत, खड्ड्याची कड, पाण्याचं तापमान हेच जास्त दाखवतो, पण कसलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

या यंत्राला लागते १२ व्होल्टची छोटी बॅटरी, आणि ती ठेवायची कुठे आणि कशी, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

ऑगस्टमधल्या एका दुपारी बॅटरीचा डबा दिवसभर बंद गाडीत होता. मी तो तसाच उचलून कयाकच्या मागच्या खळग्यात बांधला. वारा पडलेला, लाटा नव्हत्या, कयाक एकदाही कलंडली नाही. संध्याकाळी डबा उघडला तेव्हा आत अर्धा कप पाणी होतं आणि बॅटरीच्या धन टोकावर हिरवी बुरशी चढल्यासारखं दिसत होतं. डब्याला चांगलं रबरी सील होतं. मग पाणी आलं कुठून?

डब्यात गरमागरम भाजी भरून झाकण घट्ट लावलं, तर जेवणाच्या सुट्टीत ते झाकण निघता निघत नाही, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तिथे वाफेचं पाणी होतं आणि आतला दाब उतरतो. बॅटरीच्या डब्यात वाफ नसते, पण हवा असते, आणि तीही थंड झाली की आकसते. गाडीत ५० अंश सेल्सिअसला तापलेला डबा ३० अंशांच्या पाण्यात टेकला की आतल्या हवेचा दाब सुमारे ६ टक्क्यांनी उतरतो. ६ टक्के म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब. तुमचा डबा तळहातभर पाण्यात बसलेला असला, तरी त्याच्या सीलवर दोन फूट खोल बुडवल्यासारखा ताण येतो. सीलखाली वाळूचा एक कण किंवा एक केस अडकलेला असला की पुरे. ३ लिटर हवा असलेला डबा असा जवळजवळ २०० मिलिलिटर पाणी ओढून घेऊ शकतो.

उन्हात काळा डबा तापतो, वरून पाणी उडालं की निवतो, पुन्हा तापतो. दिवसभर तो श्वास घेत आणि सोडत असतो, आणि ज्या फटीतून श्वास घेतो तिथे पाणी उभं असेल तर पाणीच पितो. लोक शिंतोड्यांना घाबरतात आणि सिलिकॉनचे थरांवर थर चढवतात. माझ्या मते धोका शिंतोड्यांचा कमी आणि या श्वासाचा जास्त आहे.

उपाय फुकटचा आहे. डबा सावलीत, पाण्याजवळ, झाकण उघडं ठेवून दहा मिनिटं निवू द्यायचा आणि मगच बंद करायचा. खर्च करायची तयारी असेल तर सच्छिद्र टेफ्लॉनच्या पडद्याची झडप मिळते. हा ताणलेला टेफ्लॉन १९६९ मध्ये रॉबर्ट गोर यांना सापडला. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा जाते, पाण्याचा थेंब जात नाही. डब्याला नाकच बसवलं म्हणायचं. वायर आत शिरते ती जागाही अशीच नाजूक. तिथे नुसतं भोक पाडून गोंद लावण्याऐवजी इलेक्ट्रिशियन वापरतात तो रबरी वायसरचा, वायरीभोवती आवळला जाणारा ग्लँड बसवावा. डिश अँटेनाची वायर खिडकीतून घेताना तिला खाली झोका ठेवतात, तसाच इथेही ठेवावा, म्हणजे पाणी वायरवरून ओघळून झोक्याच्या तळाशी गळून पडतं.

आता त्या हिरव्या थराकडे येऊ. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि नदीच्या पाण्यापेक्षा ते वीज शेकडो पटींनी सहज वाहून नेतं. पाण्याचं विघटन व्हायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात, इथे तर १२ आहेत. दोन टोकांमध्ये खाऱ्या पाण्याचा ओघळ पसरला की ऋण टोकाला हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि धन टोकाचं तांबं विरघळून क्लोराइडबरोबर हिरवा क्षार बनवतं. म्हणून खराबी नेहमी लाल वायरीच्या बाजूला आधी दिसते. आणि ती तिथेच थांबत नाही. तांब्याच्या बारीक तारांच्या मधल्या फटींतून पाणी वातीतल्या तेलासारखं वर चढतं. बाहेरून वायर धडधाकट, प्लॅस्टिक सोलावं तर आत वीतभर काळी भुकटी.

आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावायची पद्धत होती ती याच कारणासाठी. आंबट पदार्थ तांब्याला लागला की कळकायचा. कल्हई म्हणजे तांब्यावर कथलाचा पातळ थर. बोटींसाठी मिळणाऱ्या वायरीतही प्रत्येक तार अशीच कल्हई केलेली, रुपेरी दिसणारी असते. ती थोडी महाग पडते, पण या कामात काटकसर करायची नाही असं मी ठामपणे सांगेन. जोडावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आकसणारी नळी चढवावी.

घरी आल्यावरही एक काम उरतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना? शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलं होतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असल्यामुळे ते त्याहून खूप आधी. टोकांवर वाळलेलं मीठ रात्री गॅरेजमध्ये पुन्हा ओलं होतं आणि धातू खाण्याचं काम चालू राहतं. म्हणून आधी बॅटरी सोडवायची, मग जोड गोड्या पाण्याने पुसून कोरडे करायचे.

बॅटरी कुठली घ्यावी? संगणकाच्या यूपीएसमध्ये असते तीच १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी पुष्कळ जण वापरतात. वजन दोन किलोहून जास्त, आणि तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढ्याच क्षमतेची बॅटरी किलोभर वजनाची असते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. हे रसायन टेक्सासचंच. ऑस्टिनच्या विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्याबरोबर अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंदस्वामी यांनी १९९७ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे ही बॅटरी कोबाल्टवाल्या लिथियम भावंडांइतकी सहजी भडकत नाही. पण तिच्या पोटात नियंत्रणाची सर्किट पट्टी असते आणि मिठाचं पाणी तिलाही सोडत नाही. २०२२ मध्ये इयन चक्रीवादळात फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही विजेच्या गाड्या नंतर पेटल्या होत्या. तेव्हा खाऱ्या पाण्यात बुडालेली कोणतीही लिथियम बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नये, घरातही ठेवू नये. शिशाची बॅटरी मात्र बंद डब्यात ठेवून चार्ज करायची नाही, कारण तिच्यातून हायड्रोजन सुटू शकतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगी पुरते.

फ्यूज धन वायरीवर, बॅटरीला होता होईल तेवढा जवळ हवा. तो यंत्रापेक्षा वायरीला वाचवतो, आणि फ्यूजच्या आधीच्या तुकड्याला कोणीच वाचवत नाही.

राहिलं बसवणं. बहुतेक मासेमारी कयाक आपल्या छपरावरच्या काळ्या पाण्याच्या टाकीसारख्याच, साच्यात पॉलिथिलीन फिरवून बनवलेल्या असतात. फुटलेली टाकी गोंदाने सांधायचा प्रयत्न केलेल्यांना ठाऊक असेल की या प्लॅस्टिकला काही चिकटत नाही. त्याच्या रेणूंमध्ये गोंदाने धरावं असं काही नसतंच. म्हणून डबा चिकटवू नका. पाणी न शोषणाऱ्या फोमच्या ठोकळ्यात त्याच्या मापाचा खड्डा कोरा, तो खळग्यात घट्ट बसवा आणि वरून कयाकच्या मूळ कड्यांना पट्टा आवळा. तळाला भोक पाडणं टाळा. दोन किलो वजन एक वीत सरकल्याने कयाक कलंडत नाही. पण कलंडलेल्या कयाकमध्ये सुटा डबा आपटतो आणि जोड उपटतो, आणि नुकसान तिथे होतं. जागा शक्यतो खाली, मधल्या रेषेवर, आसनाजवळ.

बॅटरी ठेवण्याआधी एकदा तेवढ्याच वजनाचा दगड वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेवा. डबा झाकण लावून उन्हात तापवा, जागेवर बांधा आणि गुडघाभर पाण्यात कयाक पालथी घालून पाच मिनिटं हलवा. मग डबा उघडून कागदाच्या घड्या एकेक करून चाचपा.