बोटांवरच्या पाण्याच्या पुटकुळ्या

बोटांच्या कडांना, तळहातावर व तळपायावर उठणाऱ्या, भिजल्या साबुदाण्यासारख्या दिसणाऱ्या १-२ मिलिमीटरच्या पुटकुळ्या. हा इसबाचा एक प्रकार असून वैद्यकात त्याला ‘पॉम्फोलिक्स’ किंवा ‘डिसहायड्रोसिस’ म्हणतात. दुसरे नाव टिलबरी फॉक्स या इंग्रज वैद्याने १८७३ मध्ये दिले. घाम कातडीखाली अडकून हे फोड येतात, असे त्याला वाटले होते. ती समजूत पुढे चुकीची ठरली. उकाड्याने व घामाने त्रास वाढतो, एवढे मात्र खरे.

आधी खाज आणि जळजळ, मग पुटकुळ्या. तिथली कातडी जाड असल्याने त्या सहसा फुटत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत सुकतात आणि पापुद्रे निघतात. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. त्यासाठी घरातल्या बाईला पीठ मळू न देणे किंवा तिचे ताट वेगळे ठेवणे हा अन्यायच आहे.

नेमके कारण दरवेळी सापडत नाही. घरात दमा किंवा इसब असणे, मनावरचा ताण, साबण-पाण्यातले सततचे काम, बेंटेक्सच्या दागिन्यांतले निकेल, सिमेंटमधले क्रोमियम ही नेहमीची कारणे. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर (धातू कातण्याच्या यंत्रावर) काम करणाऱ्यांचे हात दिवसभर कूलंटने, म्हणजे कातताना धातू थंड ठेवणाऱ्या द्रवाने, भिजतात. तेही कातडीला सोसत नाही. खानापूरकडे पावसाळ्यात आधी पाय पाहावेत. रोप लावणीच्या चिखलात दिवस-दिवस उभे राहिल्यावर पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्यात बुरशी असेल तर तिची प्रतिक्रिया म्हणून हाताच्या बोटांवर पुटकुळ्या उठू शकतात, जरी हातावर बुरशीचा मागमूस नसला तरी. अशा वेळी उपचार पायावर करावा लागतो.

रात्री खाज वाढत असेल आणि घरातले इतरही खाजवत असतील, तर ती खरूज असण्याचा संभव जास्त.

पुटकुळ्या सुईने फोडू नयेत, बिब्बा तर मुळीच लावू नये. त्याच्या तेलानेच कातडी भाजून फोड येतात. थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, हात धुतल्यावर कोरडे करून लगेच व्हॅसलीन लावावे. डॉक्टर बहुधा थोड्या दिवसांपुरते जोरकस स्टिरॉइड मलम देतात. हट्टी आजारात अतिनील किरणांचे उपचार किंवा पोटातून औषधे लागतात. औषधदुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टिरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविकाचे मिश्र मलम महिनोन्‌महिने चोळल्याने कातडी पातळ होते आणि बुरशी दबून चिवट बनते. पू, ताप किंवा हातावर सूज दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. भांडी घासताना रबरी हातमोज्यांच्या आत सुती मोजे घालावेत. नुसत्या रबरात हात घामेजतात.