चिखलाने राखलेले अर्धे जहाज

१९ जुलै १५४५. इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदरासमोर, सोलेंटच्या सामुद्रधुनीत फ्रेंचांचा दोनशेहून अधिक जहाजांचा ताफा येऊन ठाकला होता. राजा आठवा हेन्री किनाऱ्यावरून लढाई पाहत होता. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचे ‘मेरी रोज’ हे लढाऊ जहाज बुडाले.

आमच्या तोफांनी बुडवले, असे फ्रेंच सांगत. वाचलेल्या एका खलाशाची हकीकत वेगळी होती: तोफा डागून जहाज वळत असताना वारा भरला, जहाज कलले आणि खालच्या रांगेतल्या तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत घुसले. मला हीच हकीकत पटते. परातीत पाणी घेऊन चालून पाहा. परात जरा कलली की सगळे पाणी त्याच बाजूला धावते आणि ती आणखी कलते. जहाजाचेही तसेच होते. शत्रूने वर चढू नये म्हणून डेकवर जाळ्या ताणल्या होत्या. त्याच जाळ्यांखाली माणसे अडकली. सुमारे पाचशेंपैकी पस्तीसही वाचले नाहीत.

जहाज उजव्या कुशीवर पडले आणि ती बाजू गाळात रुतली. वर उघडी राहिलेली डावी बाजू टेरेडोने पोखरली. याला जहाजकिडा म्हणतात, पण तो खरे तर शिंपल्यांच्या कुळातला, लाकडात बीळ करून राहणारा जीव. गाळात प्राणवायू जवळजवळ नसल्याने तिथे त्याचे काही चालले नाही. म्हणून अर्धे जहाज टिकले, आणि त्यासोबत एकोणीस हजारांहून अधिक वस्तू: लाकडी धनुष्ये, चामड्याचे जोडे, उवा मारायच्या फण्या, एका कुत्र्याचा सांगाडासुद्धा.

११ ऑक्टोबर १९८२ रोजी जहाजाचा सांगाडा पाण्याबाहेर आला आणि खरी कसोटी सुरू झाली. शतकानुशतके भिजलेल्या लाकडाच्या पेशी पोकळ झालेल्या असतात, आत आधार असतो तो फक्त पाण्याचा. ते उडून गेले की लाकूड आक्रसते, तडकते. म्हणून आधी बारा वर्षे थंड पाणी फवारले. मग १९९४ ते २०१३ पॉलिएथिलीन ग्लायकॉल हा मेणासारखा पदार्थ फवारला; पाण्याची जागा हळूहळू त्याने घेतली.

तरी धोका आहेच. गाळातल्या जीवाणूंनी तयार केलेले गंधक लोखंडी खिळ्यांच्या गंजाशी मिळून लाकडात मुरले आहे. हवा लागली की त्याचे गंधकाम्ल होते, आणि ते लाकूड आतून खाते.