गोळी वर्मी लागली की पोटात? घायाळ हरणाच्या खुणा

गोळी किंवा बाण लागला की हरीण जागीच कोसळते, असा समज उत्तर अमेरिकेतील नवख्या शिकाऱ्यांमध्येही आढळतो. तेथे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात करता येते. भारतात मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे. प्रत्यक्षात छातीत, म्हणजे वर्मी, मार बसलेले हरीण पळते आणि पोटात मार बसलेलेही पळते. पहिल्याच्या मागावर थोड्याच वेळात निघता येते, तर दुसऱ्याच्या मागे घाईने जाणे म्हणजे त्याच्या यातना वाढवणे होय.

हृदय किंवा फुप्फुसे भेदली गेल्यास हरीण बहुधा उसळी घेते, मागचे पाय झाडते आणि अंग जमिनीलगत झुकवून झाडोऱ्यातून सुसाट धावत सुटते. रक्तदाब कोसळल्यामुळे मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो आणि काही सेकंदांतच त्याची शुद्ध हरपते. परंतु ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणारे जनावर १० सेकंदांतही सुमारे १४० मीटर जाते. पोटात मार बसलेले हरीण पाठीची कमान करते, थोडे धावून थबकते आणि पुष्कळदा मान खाली घालून जड पावलांनी चालू लागते. तथापि, अशी काही हरणेही मागचे पाय झाडतात, आणि फसगत होते ती येथेच.

त्यामुळे केवळ डोळ्यांनी टिपलेल्या हालचालीवर विसंबू नये. मार बसला तेव्हा हरीण उभे होते ती जागा आणि सापडल्यास बाण बारकाईने तपासावा. फुप्फुसातील रक्तात हवा मिसळलेली असल्याने ते फिकट गुलाबी आणि फेसाळ दिसते. स्नायूच्या जखमेचे रक्त लालभडक असते, पण त्यात फेस नसतो. पोटाच्या जखमेतून रक्त थोडेच आणि काळपट येते, कारण चरबी किंवा आतडे भोकात अडकून ते बुजते. त्या रक्तात हिरवट-तपकिरी, अर्धवट पचलेला चारा असतो आणि त्याला उग्र, आंबूस दुर्गंधी येते. रक्त गडद असून चारा वा दुर्गंधी नसेल, तर फुप्फुसांमागे असलेल्या यकृताला मार बसल्याची शक्यता असते. ही जखमही प्राणघातकच, मात्र तीन-चार तास थांबणे आवश्यक असते. एक सावधगिरी मात्र बाळगावी: छातीच्या वरच्या भागात भोक पडले तर रक्त आतच साठते आणि सुरुवातीला बाहेर जवळजवळ काहीच दिसत नाही, म्हणून रक्त कमी आहे एवढ्यावरून पोटाची जखम ठरवू नये.

छातीच्या जखमेनंतर अर्धा तास थांबण्याचा प्रघात आहे, तर पोटाच्या जखमेनंतर ६ ते १२ तास. पोटात मार बसलेले हरीण, कोणी पाठीशी लागले नाही तर, बहुधा जवळच्याच दाट झुडपात बसून राहते आणि तेथेच मरते. हुसकावले गेले तर ते रक्ताचा थेंबही न सांडता दूरवर निघून जाते. पाऊस माग धुऊन टाकील किंवा उकाड्यात मांस नासेल ही भीती रास्त आहे, तरीही संशय असल्यास पोटाचीच जखम धरून चालावे, शेवटच्या खुणेवर फीत बांधावी आणि आलेल्या वाटेने आवाज न करता मागे फिरावे, असे माझे ठाम मत आहे.

माग तुटल्यास प्रशिक्षित कुत्रा हाच सर्वांत भरवशाचा उपाय आहे. जर्मनीत या कामासाठी हॅनोव्हर आणि बव्हेरिया येथील खास जाती तयार झाल्या असून, घायाळ जनावराला विनाकारण यातना होऊ न देणे तेथील शिकार कायद्यानेच बंधनकारक केले आहे. लांब दोरीने बांधलेला हा कुत्रा खुरांमधील ग्रंथींच्या गंधावरूनही माग काढतो, त्यामुळे रक्त नसले तरी त्याचे काम अडत नाही. अमेरिकेतही अनेक राज्यांत अशा कुत्र्यांना परवानगी आहे, पण नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून हंगामापूर्वीच चौकशी करून ठेवावी. कुत्रा बोलवायचाच असेल तर माणसांनी परिसर तुडवण्याआधी बोलवावा, कारण बुटांना लागलेले रक्त चहूकडे पसरले की खरी वाट कोणती हे कुत्र्यालाही ठरवणे कठीण जाते.