‘स्मार्ट मोटरवे’: एका नावाखाली तीन रस्ते

इंग्लंडमध्ये यापुढे नवे स्मार्ट मोटरवे (तंत्रज्ञानाने वाहतूक नियंत्रित होणारे द्रुतगती महामार्ग) बांधायचे नाहीत, असे एप्रिल 2023 मध्ये सरकारने जाहीर केले. एकूण 14 प्रकल्प रद्द झाले. त्यातले 11 आधीच थांबवलेले होते. बातमी वाचून अनेकांचा समज झाला की असे रस्ते आता बंद होणार. तसे काहीच नव्हते. असलेले रस्ते आहेत तसेच राहिले, आणि ज्या दोन रस्त्यांचे काम तीन-चतुर्थांशाहून अधिक झाले होते (एम-56 आणि एम-6 वरचे टप्पे) तेही पुरे करायचे ठरले. हा गोंधळ नवा नाही. त्याचे मूळ त्या नावातच आहे.

नावाआधी हार्ड शोल्डर, म्हणजे मोटरवेच्या कडेची पक्की पट्टी, समजून घ्यावा लागतो. पावसाळ्यात आपल्याकडे ‘साइडपट्टी खचली, ट्रक कलंडला’ अशा बातम्या येतात. ब्रिटनच्या पहिल्या मोटरवेंची (प्रेस्टन बायपास, 1958 आणि एम-1, 1959) गत फार वेगळी नव्हती. कडेची पट्टी मऊ असायची, त्यामुळे बंद पडलेली गाडी तिथे घेतली की चाक रुतायचे आणि जॅक जमिनीत जायचा. पुढे ही पट्टी पक्की केली गेली. नावातला ‘हार्ड’ तो हाच. पुढची काही दशके डावीकडची ही पट्टी गाडी बंद पडलेल्यांचा हक्काचा आसरा होती.

1995 मध्ये एम-25 च्या नैऋत्य भागात गर्दीनुसार बदलणारी वेगमर्यादा आली. वर गॅन्ट्री (रस्त्यावरून आडवी जाणारी लोखंडी कमान), त्यावर आकडे; हार्ड शोल्डर मात्र जागच्या जागी. खरी उलथापालथ 2006 मध्ये बर्मिंगहॅमजवळ एम-42 वर झाली. सुमारे 17 किलोमीटरच्या पट्ट्यात गर्दीच्या वेळी हार्ड शोल्डरच लेन म्हणून खुला करण्यात आला. रस्ता रुंद करायचा तर जमीन हवी, पूल पाडायला हवेत, पैसा हवा. इथे जादा लेन जवळजवळ फुकटात मिळत होती. सावधगिरीही भरपूर होती. साधारण दर 500 मीटरवर गाडी बाजूला घेण्यासाठी आपत्कालीन थांबा होता, आणि शोल्डर खुला असताना वेग ताशी 50 मैलांवर रोखलेला असे.

प्रयोग यशस्वी ठरला आणि इथूनच घोळाला सुरुवात झाली. 2014 मध्ये एम-25 वर आलेल्या पुढच्या अवतारात शोल्डर कायमचाच लेन झाला. थांब्यांमधले अंतर अडीच किलोमीटरपर्यंत वाढले. म्हणजे एम-42 वर जे पाहून परवानगी मिळाली, ते पुढे बांधलेच गेले नाही. त्याच सुमारास ‘मॅनेज्ड मोटरवे’ हे सरकारी नाव जाऊन ‘स्मार्ट मोटरवे’ आले. फोन स्मार्ट, मीटर स्मार्ट, मग रस्त्यानेच काय घोडे मारले?

या एका नावात तीन वेगळे रस्ते कोंबले गेले. पहिल्यात फक्त वेगमर्यादा बदलते, शोल्डर शाबूत. दुसऱ्यात शोल्डर कधी लेन, कधी शोल्डर. तिसऱ्यात शोल्डर नाहीच. ‘स्मार्ट मोटरवे सुरक्षित आहेत का’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर असू शकत नाही. तरीही वर्षानुवर्षे एकच उत्तर दिले गेले.

समर्थकांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. हार्ड शोल्डर स्वतःच धोक्याची जागा आहे. मोटरवेवरच्या मृत्यूंपैकी बारातला एक तिथे होतो, असे अधिकारी सांगत. मार्च 2020 च्या सरकारी आढाव्यानेही हे रस्ते बऱ्याच बाबतीत नेहमीच्या मोटरवेइतके किंवा अधिक सुरक्षित असल्याचे म्हटले. पण त्याच आढाव्यात हेही होते, की चालू लेनमध्ये थांबलेल्या गाडीला मागून धडक बसण्याचा धोका शोल्डर नसलेल्या रस्त्यांवर जास्त आहे. पहिले वाक्य पत्रकांत गेले. दुसरे लोकांच्या पोटात गोळा आणणारे होते.

त्या वर्षाच्या जानेवारीत एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने स्मार्ट मोटरवेंवरचे पाच वर्षांतले 38 मृत्यू समोर आणले होते. त्याआधी, जून 2019 मध्ये, शेफील्डजवळ एम-1 वर दोन गाड्या किरकोळ घासल्या. दोघे चालक उतरून माहितीची देवाणघेवाण करत असताना ट्रकने त्यांना उडवले. ट्रकचालकाला शिक्षा झाली. पण 2021 च्या चौकशीत मृत्यूचे कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याने हार्ड शोल्डर नसणे हाही कारणाचाच भाग ठरवला.

खरे तर संसदेच्या समितीने 2016 मध्येच कायमचा शोल्डर काढून टाकायला विरोध केला होता. तेव्हा सरकारने ऐकले नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये समितीने पुन्हा तेच बजावले आणि जानेवारी 2022 मध्ये नव्या रस्त्यांचे काम थांबले. कारण असे दिले, की पाच वर्षांची आकडेवारी हवी. थांबलेली गाडी हेरणारे रडार हा सरकारचा हुकमी एक्का होता. 2022 च्या अखेरीस रस्त्यांवर देखरेख करणाऱ्या नियामक संस्थेने सांगून टाकले, की तेही ठरलेल्या कसोटीला उतरत नाही. मग दीडशेहून अधिक नवे नारिंगी थांबे बांधायचे काम काढले गेले. एम-42 वर 2006 मध्ये जे होते, त्याच्याकडे उलटे चालत जाण्याचाच हा प्रकार.

यात एक गंमत राहून गेली. 2020 च्या आढाव्याने तीन प्रकारांतला दुसरा, म्हणजे कधी लेन कधी शोल्डर, सर्वात गोंधळाचा ठरवला आणि 2025 पर्यंत तो कायमच्या लेनमध्ये बदलायचे ठरवले. पण शोल्डर कायमचा काढणेच वादात सापडले, तेव्हा 2022 मध्ये हे रूपांतरही थांबवले गेले. त्या रस्त्यांवर डावीकडे अखंड पांढरी रेघ असते. वर वेगाचा आकडा दिसला तर रेघ ओलांडून चालवायचे, लाल फुली दिसली किंवा काहीच दिसले नाही तर नाही.